चारशे बारा जीबी

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. वय चौतीस, कपाळ मागे सरकायला लागलेलं, तरी धाकटा तो धाकटाच. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर जायचा. दादाची बायको, म्हणजे वहिनी, ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा बोलताना जीभ अडते त्यांना बोलायला शिकवायच्या. धाकटा कंपन्यांसाठी छोट्या फिल्म बनवायचा. यंत्र चालू असताना हात घालू नका, आग लागली तर जिन्याने उतरा, हेल्मेटचा पट्टा असा बांधा. कामगारांना त्या सक्तीने बघाव्या लागत, त्यामुळे आपल्याला प्रेक्षकांची कधी वानवा नाही, असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

वहिनींची एक खोली होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर. भिंतीला मोठा आरसा, समोर दोन बुटक्या खुर्च्या, टेबलावर फुंकायची पिसं, मेणबत्त्या, कागदी नळ्या, आणि कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी वहिनी त्याला काहीच शिकवत नसत. कॅमेरा चालू करायचा आणि वीस मिनिटं नुसतं त्याच्यासोबत बसायचं. कुणी दाराकडे टक लावून बसे, कुणी रडे, कुणी टेबलाखाली जाऊन बसे ते आई आल्याशिवाय बाहेर येत नसे. पुढे दर महिन्याला एक व्हिडिओ. दोन वर्षांनी, चार वर्षांनी मूल बोलतं झालं की शेवटच्या दिवशी पहिला आणि शेवटचा असे दोन व्हिडिओ घरच्यांच्या हातात द्यायचे. अकरा वर्षं त्यांनी हा नेम पाळला होता. दोनशे चौदा मुलं, आणि ती सगळी एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये.

त्या वर्षी वहिनींना त्यांच्या व्यवसायातल्या मंडळींच्या संमेलनात बोलायला बोलावलं. बोलण्यासोबत अर्ध्या तासाची फिल्म दाखवावी असं त्यांच्या मनात आलं. घरातच फिल्म बनवणारा असताना बाहेर कशाला जायचं?

"त्यात काय वहिनी, हातचा मळ आहे," धाकटा म्हणाला.

वहिनींनी डिस्क आणून दिली. जुन्या टॉवेलची पिशवी शिवून तीत ठेवली होती. "भाऊजी, एक करा. याची दुसरी प्रत नाहीये. मला त्यातलं कळत नाही म्हणून राहून गेलं. काम सुरू करायच्या आधी तेवढी एक प्रत करून ठेवाल?"

"करतो की."

त्याने केली नाही. आज करू, उद्या करू असं करता करता महिना गेला. मनात खोट होती असं नाही, नुसता आळस. पण आळसाचं कसं असतं, खड्डा तो खणून ठेवतो आणि पडायची वेळ आल्यावर माणूस घाईला दोष देतो.

तेवढ्यात लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. तीन दिवस तो उंच इमारतींच्या लिफ्टच्या विहिरीत उतरून, लोखंडी दोर आणि वजनं टिपत होता. कॅमेरा भाड्याचा, त्यातली कार्डंही भाड्याची, आणि ती चार वाजेपर्यंत रिकामी करून परत द्यायची होती. तासावर भाड्याने मिळणाऱ्या एका एडिटिंगच्या खोलीत तो दुपारी दोनला बसला. स्वतःच्या दोन्ही डिस्क लावल्या तर दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. साडेतीनशे जीबी उतरवायचं होतं. पिशवीत वहिनींची डिस्क होती.

ती लावली. मोकळी जागा जेमतेम वीस जीबी. बाकी सगळी वर्षावर्षांची फोल्डर, आणि सगळ्यांत वर एक: 'पहिला दिवस'. चारशे बारा जीबी.

त्याने त्यातले दहा-बारा व्हिडिओ फिल्मसाठी बघितले होते. त्याच्या धंद्याच्या नजरेला त्यांत काहीच घडत नव्हतं. एक मूल, एक आरसा, वीस मिनिटं शांतता. लागणारे आठ त्याने आधीच लॅपटॉपवर घेतले होते. बाकीच्यांची प्रत वहिनींकडे कुठेतरी असेलच, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगावं लागलं, कारण प्रत नाहीये हे त्याला ठाऊक होतं. ती करायचं काम त्याच्याकडेच तर होतं.

त्याने फोल्डर उचललं आणि पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. अकरा वर्षं, पण जायला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाही वेळ लागला नाही. टोपली रिकामी करायला हात गेला तोच फोन वाजला, कार्डवाला तगादा लावत होता. फोन ठेवून त्याने कार्ड उतरवायला घेतलं, तर मशीन म्हणालं, जागा अपुरी आहे. पुन्हा केलं. जागा अपुरी आहे. डिस्क काढून पुन्हा लावली. तेच. खोलीवाला दारावर टकटक करायला लागला. शेवटी त्याने कंपनीला फोन केला, त्यांनी माणसाबरोबर एक नवीकोरी डिस्क पाठवली, आणि वीस मिनिटांत प्रश्न मिटला. हा फोन त्याला एक तास आधी करता आला असता.

घरी जाताना तो हिशेब लावत होता. फोल्डर तर गेलं, मग जागा कुठे गेली? रात्रीच्या जेवणाआधी त्याने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली. 'पहिला दिवस' नाही. मोकळी जागा वीस जीबी. लॅपटॉप साधा, वहिनींच्याच जातीचा; त्याची टोपली रिकामीच होती. चोरी करावी आणि हात रिकामेच राहावेत, तसं झालं होतं.

दोन दिवसांनी वहिनींनी डिस्क मागितली. त्या हंगामात सात मुलांचं शिकणं संपत होतं, त्यांच्या घरी द्यायचे व्हिडिओ काढायचे होते. धाकट्याने दिली. तेव्हा सांगता आलं असतं. तोंडही उघडलं होतं त्याने, पण त्यातून निघालं ते, "केबल इथेच आहे तुमची."

थोड्या वेळाने आतून हाक आली. "भाऊजी, जरा येता?"

वहिनी लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, बोट पडद्यावर. "यात पहिला दिवसचं फोल्डर दिसत नाहीये मला. मी काही चुकीचं दाबलं का?"

धाकटा वाकून बघू लागला, जणू पहिल्यांदाच बघतोय. "अरेच्चा."

"पण बघा ना, फोल्डर नाही म्हणावं तर डिस्क भरलेलीच दाखवतेय. मग गेलं कुठे?"

इथे त्याला एक वाट दिसली, आणि तो तिच्यात शिरला. "डिस्क खराब झाली असणार वहिनी. जागा खाल्ली जाते आणि आतलं दिसत नाही, असं होतं. तुम्ही केबल काढताना आधी बंद करता का? की सरळ ओढता?"

वहिनींचा हात पडद्यावरून खाली आला. "सरळ ओढते मी," त्या हळूच म्हणाल्या. "नेहमी ओढते. कुणी सांगितलंच नाही."

"होतं असं कधी कधी," धाकटा म्हणाला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला.

जेवताना दादाला कळलं. दादा मनाने वाईट नव्हता, पण पंपघरात सतत मोठ्या आवाजात बोलायची सवय. "अकरा वर्षं लोकांच्या पोरांना नीट बोलायला शिकवतेस आणि तुला एक केबल नीट काढता येत नाही? आमच्याकडे एवढा मोठा पंपसुद्धा आधी बटण बंद करून मग सोडवतात." तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. ताटातला घास त्यांनी बाजूला सारला. "धाकट्या, तू तरी सांगायचं होतंस तिला," दादा म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्याहून वाईट पुढेच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी डायरी घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या आणि त्या सात घरांना एकेक करून फोन करू लागल्या. धाकटा आपल्या खोलीत होता, मध्ये फक्त एक पातळ भिंत. दार लावून घ्यावं तर आवाज होईल, म्हणून तो तसाच बसला आणि एकेक शब्द कानावर घेत राहिला.

"नमस्कार, मी बोलते. हो, छान आहे तो. एक सांगायचं होतं... माझ्या चुकीमुळे... नाही नाही, माझीच चूक. मला ते नीट हाताळता आलं नाही..."

तीन फोन झाले. चौथा झाला. दर वेळी वहिनी आधी मुलाची ख्यालीखुशाली विचारत आणि मग माफी मागत, आणि दर वेळी 'माझी चूक' हे शब्द तेवढ्याच स्पष्ट उच्चारत, आरशासमोर मुलांना शिकवावेत तसे. सहावा फोन लांबला. वहिनी बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या.

"ठाऊक आहे मला," शेवटी त्या म्हणाल्या. "ते त्या दिवशी तिच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचा आवाज त्यातच होता... दुसरीकडे कुठेच नाही का हो? फोनमध्ये वगैरे?... नाही. बरं... मला काय बोलावं तेच कळत नाही."

धाकट्याला त्या घराबद्दल वहिनींकडून पूर्वी कळलं होतं. मुलगी आता बारा वर्षांची, आणि तिचे वडील दीड वर्षापूर्वी आजारपणात गेले. त्याने उशी उचलून कानांवर दाबली. चौतीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा. उठून बाहेर जावं आणि सांगून मोकळं व्हावं, असं त्याला त्या अर्ध्या तासात निदान दहादा वाटलं. पण जितका उशीर व्हावा तितकं सांगणं जड होत जातं. आधी नुसतं पुसल्याचं सांगायचं होतं. मग खोटं बोलल्याचं. आता तर या फोनांचंही.

सातवा फोन झाल्यावर वहिनी त्याच्या दारात आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "भाऊजी, उद्या ही डिस्क कुणाला तरी दाखवू या."

"काही उपयोग नाही वहिनी. गेलं ते गेलं."

"डॉक्टरला न दाखवता कुणी माणसाला मेला म्हणतं का? तुम्ही चला माझ्यासोबत. मला त्यांचं बोलणं कळायचं नाही."

नाही कसं म्हणणार?

बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. दुकान एवढंसं. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेली उघडी यंत्रं, आणि मध्ये एक टेबल. ग्राहकाला बसायला एकच स्टूल. वहिनी बसल्या, धाकटा मागे उभा राहिला.

"तक्रार काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

वहिनींनी सगळं सांगितलं. केबल ओढायची सवयसुद्धा सांगितली, कोर्टात गुन्हा कबूल करावा तशी. मास्तरीणबाईंनी डिस्क कानाशी धरली, मग आपल्या मशीनला लावली.

"आवाज चांगला आहे. आधी तब्येत बघू." पडद्यावर आकडे सरकले. "तब्येत ठणठणीत. एकही जागा खराब नाही. केबल ओढू नये हे खरं, पण तुमच्या ओढण्याने हिचं काही बिघडलेलं नाही."

वहिनींनी मान वर केली.

"मग जागा का भरलेली दिसते?"

"तेच बघायचंय. गणित आहे साधं." मास्तरीणबाईंनी एक कागद ओढला आणि पेन्सिल घेतली. "डब्यावर दोन टीबी लिहिलंय. आत दिसतात अठराशे बासष्ट जीबी. त्यात फसवणूक नाही, बनवणारे हजाराने मोजतात आणि मशीन एक हजार चोवीसने मोजतं. तर एकूण अठराशे बासष्ट. मोकळे किती? वीस. म्हणजे वापरात किती?"

"अठराशे बेचाळीस," वहिनी म्हणाल्या.

"शाब्बास. आता दिसणाऱ्या सगळ्या फोल्डरांची बेरीज." त्यांनी सगळी फोल्डर एकदम निवडली आणि आकडा येईपर्यंत थांबल्या. "चौदाशे तीस. किती कमी पडले?"

वहिनींना वेळ लागला. "चारशे बारा."

"चारशे बारा. बारीकसारीक फायली खूप असल्या की थोडी जागा वाया जाते, पण ती एवढी नाही. चारशे बारा जीबी हवेत विरत नाहीत. ते आत आहेत, फक्त आपल्याला दिसत नाहीत. लपलेलं सगळं दाखव, असं सांगू या आता मशीनला." त्यांनी दोन ठिकाणी खुणा केल्या. फोल्डरांच्या यादीत फिकट रंगाची आणखी दोन-तीन नावं उमटली. त्यांतलं एक ठिपक्याने सुरू होत होतं. मास्तरीणबाईंनी ते उघडलं, त्याच्या आतलं उघडलं, आणि पडदा वहिनींकडे वळवला.

पहिला दिवस.

"हेच ना?"

वहिनी स्टुलावरून उठल्या. पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की काचेवर श्वासाचं धुकं आलं. मास्तरीणबाईंनी एक फाईल चालू केली. एक मुलगा आरशासमोर बसला होता आणि बुटाची नाडी सोडत होता. वहिनींनी तोंडावर हात घेतला.

"सगळं आहे?"

"दोनशे चौदा फायली. सगळ्या धडधाकट. कुणीतरी हे कचऱ्यात टाकलं आणि टोपली रिकामी करायचं राहिलं. टोपली डिस्कवरच असते, म्हणून जागा सुटली नाही. राहिलं म्हणून वाचलं म्हणा." मास्तरीणबाई पेन्सिल कानामागे खोचत बोलत राहिल्या. त्यांचा कुणावर रोख नव्हता, गणित सोडवल्याचा आनंद होता इतकाच. "आणि हे तुमच्या लॅपटॉपवर झालेलं नाही. ठिपक्याची अशी टोपली दुसऱ्या जातीच्या मशीनवर तयार होते. ती एडिटिंगवाले वापरतात ना, ती. वेळही आहे इथे. अकरा तारीख, दुपारी दोन पन्नास."

कुठल्याशा फळीवरचा पंखा घरघरत होता.

वहिनी वळल्या नाहीत. पण त्यांच्या मानेवरून, खांद्यांवरून धाकट्याला दिसलं की त्यांना कळलं. अकरा तारखेला दुपारी त्या आपल्या खोलीत मुलांसोबत होत्या. त्या जातीच्या मशीनला घरातल्या एकाच माणसाचा हात लागत होता. पायाखालची फरशी दुभंगावी असं लोक म्हणतात ते उगीच नाही.

"याच्या दोन प्रती करून द्याल?" वहिनी मास्तरीणबाईंना म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. "दोन नव्या डिस्कवर. मी उद्या येऊन नेईन."

गल्लीच्या तोंडाशी दोघं रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा धाकटा म्हणाला, "वहिनी, मी..."

"माहितीये."

"मला जागा हवी होती. कार्डं परत द्यायची होती."

"पुसलंत त्याचं मला एवढं नाही, भाऊजी." त्या समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होत्या. "माणसाच्या हातून जातं. पण मी फोन करत होते तेव्हा तुम्ही घरात होतात ना?"

"होतो."

"ऐकू येत होतं?"

होय म्हणायलासुद्धा तोंड राहिलं नव्हतं. रस्ता मोकळा झाला आणि वहिनी पुढे निघाल्या. तो चार पावलं मागे राहूनच घरापर्यंत चालला.

वहिनी दादाला सांगणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच ते आपण सांगायला हवं हेही. दादा पाळीवरून येऊन पाय धूत होता. धाकट्याने न्हाणीघराच्या दारात उभं राहूनच सगळं सांगितलं, लिफ्टच्या कामापासून मास्तरीणबाईंच्या पेन्सिलीपर्यंत. वाटलं होतं दादा ओरडेल. दादाने नळ बंद केला, पंच्याने पाय पुसले, बोटांमधली जागासुद्धा पुसली.

"आणि मी तिला केबलवरून बोललो," दादा म्हणाला. "तुझ्यादेखत."

"हो."

"तू मला हो म्हणालास. सांगायला हवं होतं म्हणालास." दादाने पंचा दांडीवर टाकला. "शिव्या द्यायच्या तरी काय द्यायच्या तुला? जा." आणि तो आत वहिनींकडे गेला. आतून दादाचा आवाज आला नाही. पंपघरातला माणूस, पण त्या दिवशी तो एवढं हळू बोलला की भिंतीपलीकडे काही पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी डायरी आणून धाकट्यासमोर ठेवली. सात नावांपुढे बारीक टिंबं होती. "मी यांना माझी चूक म्हणून सांगितलंय. आता परत फोन करून दुसरंच सांगायला मला जमणार नाही."

त्याने बाहेरच्या खोलीत बसूनच फोन केले, वहिनी बसल्या होत्या त्याच खुर्चीत. पहिल्यांदा तो म्हणाला, "काही तांत्रिक गोंधळ झाला होता." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, आणि त्याच घरी त्याने पुन्हा फोन लावला. "मघाशी मी अर्धवट सांगितलं. गोंधळ नव्हता. मी पुसलं होतं, आणि दोष वहिनींवर जाऊ दिला." पलीकडचे गृहस्थ गडबडून म्हणाले, "असू दे हो, मिळालं ना?" दुसऱ्या एका घरच्या आजी त्याला पाच मिनिटं फैलावर घेत होत्या. तो ऐकत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत त्याला जरा बरं वाटलं. माफ करणाऱ्यांचे फोन जड गेले.

सहाव्या घरी मुलीची आई होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दोन दिवस मी त्यांना मनातून बोल लावत होते," ती म्हणाली. "एवढ्या चांगल्या बाई, आणि एवढा निष्काळजीपणा. तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

त्याने विचार केला. "कशाची ते आता आठवत नाही."

"आणून द्या तुम्ही," ती म्हणाली. "त्या नकोत. तुम्ही या."

तो रविवारी सकाळी गेला. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेले शाळेचे गणवेश. दार मुलीने उघडलं. तिने त्याच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, आत वळली आणि थांबली. गळ्याची शीर ताणली गेली. "अ... अ... आई, ते आले."

त्याला वाटलं होतं की पाकीट द्यावं आणि उलट पावली निघावं. आईने खुर्ची दाखवली. "बसा. बघून जा." म्हणून तो बसला, आणि तिघांनी मिळून वीस मिनिटं बघितली. आरशासमोर आठ वर्षांची एक मुलगी, हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. मागे खुर्चीत एक माणूस. कॅमेऱ्यात त्याचे नुसते गुडघे आणि हात. नवव्या मिनिटाला तो माणूस म्हणाला, "पाणी हवंय का गं?" मुलीने मान हलवली. चौदाव्या मिनिटाला तो खोकला आणि कुणाला तरी म्हणाला, "माफ करा." बस्स, एवढंच. धाकट्याने हा व्हिडिओ महिन्यापूर्वी पाहिला होता, आणि तिसऱ्या मिनिटालाच बंद केला होता.

आईने तो 'पाणी हवंय का' पुन्हा लावला. मग पुन्हा. धाकटा आपल्या हातांकडे बघत बसला. वर कुठे बघायचं हेच त्याला कळत नव्हतं.

मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तु-तु-तुम्ही का पुसलंत?"

आईने तिला अडवलं नाही.

धाकट्याला बरीच उत्तरं येत होती. कार्ड, चार वाजता, खोलीवाला, फोन. "मला जागा हवी होती," तो म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. काहीतरी मोठं कारण असेल अशी तिची समजूत होती, आणि ती तिथल्या तिथे मोडताना त्याला दिसली.

"एवढंच?"

"एवढंच."

ती जाऊन आईशेजारी बसली. तो उठला, नमस्कार केला आणि जिना उतरला.

घरी वहिनी जेवणाच्या टेबलावर संमेलनात बोलायचं लिहीत होत्या. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी कामापुरतं बोलत, भाऊजी म्हणत, अहो-जाहो करत. पूर्वीसारखंच सगळं, पण साखर घातलेला चहा ढवळायचा राहून जावा तसं.

"दिलंत?"

"दिलं. बघितलंही त्यांच्यासोबत." आणि तो थांबला नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, मुलीचा प्रश्न, आपलं उत्तर, तिचा दुसरा प्रश्न.

वहिनींचं पेन थांबलं. "काय म्हणाली?"

"'एवढंच?' म्हणाली."

"सरळ? न अडता?"

त्याने आठवून बघितलं. "सरळ. एका दमात."

"शिकणं संपत आलं, तरी स्वराने सुरू होणारा शब्द तिला अजून एकदाही सरळ काढता आलेला नव्हता." वहिनींनी डायरी ओढली, तारीख घातली आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. ते त्याच्यासाठी नव्हतं हे धाकट्याला कळत होतं. तो समोरची खुर्ची ओढून बसला, आणि वहिनींनी विचारलं तेव्हा दार उघडण्यापासून सगळं पुन्हा, सावकाश सांगू लागला.